मध्ये उठायचं नाही

माझा धंदा भिक्षुकीचा. धंदा म्हटलेलं आमच्यातल्या काहींना आवडत नाही. पण सकाळी सहाला मोटारसायकलला किक मारायची, पिशवीत पळी-पंचपात्र आणि पोथ्या घालायच्या आणि कोल्हारच्या आजूबाजूच्या वीस-पंचवीस गावांत पूजा सांगत फिरायचं, याला दुसरं काय म्हणावं ते मला सुचलेलं नाही. वडील हेच करायचे, सायकलवर. त्यांच्याकडून मला यजमान मिळाले, पोथ्या मिळाल्या, खणखणीत आवाज मिळाला आणि एक नियम मिळाला. एकदा आसनावर बसलं की पूजा संपेपर्यंत मध्ये उठायचं नाही.

हा नियम कुठल्याही पोथीत नाही, हे मी आज सांगू शकतो. पूजेत लघवीला जावं लागलं तर जानवं कानाला अडकवावं, हातपाय धुवावेत, चूळ भरावी, आचमन करून पुन्हा बसावं, इतकी साधी सोय आहे. वडिलांना मात्र ती सोय कमीपणाची वाटायची. चार तास ज्याला बसवत नाही त्याने पूजा सांगू नये, असं ते म्हणत. अठराव्या वर्षी त्यांच्या शेजारी बसायला लागलो तेव्हा त्यांनी मंत्रांच्या आधी मला हे शिकवलं. पूजेच्या दिवशी सकाळपासून पाणी नाही. यजमानाच्या घरी गेल्या गेल्या चहा पुढे येतो, तो हात जोडून परत करायचा. मध्येच कळ आली तर पोट आत ओढायचं, खालून आवळून धरायचं आणि आवाज एक पट्टी वर न्यायचा.

मी हे पंचवीस वर्षं केलं, आणि खोटं कशाला बोलू, मोठ्या तोऱ्यात केलं. लग्नसराईत दिवसाला तीन कार्यं उरकून घरी यायचो तेव्हा लघवी गडद पिवळी व्हायची आणि मला त्याचंही कौतुक वाटायचं. दुसरे गुरुजी मध्येच मोबाईल घेऊन बाहेर जातात, आपण जात नाही, याचा मला इतका माज होता की तो लोकांना दिसत असणार.

दुखणं सुरू झालं ते पौषात. मी त्रेचाळीस वर्षांचा होतो. लघवीला जळजळ, वारंवार जावंसं वाटणं आणि गेल्यावर चार थेंब. आमच्याकडे अशा जळजळीला एकच नाव आहे, उन्हाळी लागली. बाहेर थंडीने दात वाजत होते, शेकोट्या पेटलेल्या होत्या, आणि मी उन्हाळी लागली म्हणून धण्याचं पाणी आणि सब्जा पीत होतो. त्याने बरं वाटेना तेव्हा एका यजमानाने छातीठोकपणे सांगितलं की हा मुतखडा. मग कुळथाचं कढण झालं, पानफुटीची पानं चावून झाली. मेडिकलवाल्याने पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, त्यांनी आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. पुन्हा त्याच गोळ्या घेतल्या. असं चार वेळा केलं. जळजळ होते म्हणून पाणी प्यायला हवं, हे धण्याच्या पाण्यावरून तरी मला कळायला हवं होतं. पण पूजेच्या दिवशी मी पाणी बंदच ठेवायचो, आणि पूजा रोज असायची.

फाल्गुनापर्यंत जळजळ कमी झाली आणि दुसरंच काहीतरी येऊन बसलं. बसण्याच्या जागी, पुढच्या आणि मागच्या अवयवांच्या मधोमध, एक ठणका. मांडी घालून अर्धा तास झाला की सुपारीवर बसल्यासारखं वाटायचं. पूजेत सुपारीचा गणपती असतो, म्हणून हे मनात आलं की मी मनातल्या मनात क्षमा मागायचो, पण दुसरी उपमा सुचत नव्हती. तिथून कळ कंबरेत जायची, कधी जांघेत, कधी पुढे अगदी टोकापर्यंत. नगर-मनमाड रस्त्यावरचे खड्डे मला आधी कपाळावर आठ्या पाडायचे, आता डोळ्यांत पाणी आणायला लागले.

आणि एक गोष्ट होती जी मी मेडिकलवाल्याला सांगितली नाही, यजमानाला तर नाहीच. बायकोजवळ गेलो की नंतर दुखायचं. थोडंथोडकं नाही, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. दोनदा तसं झाल्यावर मी बाहेरच्या खोलीत झोपायला लागलो. पहाटे उठावं लागतं, तुझी झोप मोडते, असं कारण दिलं. ते कारण लग्न झाल्यापासून खरंच होतं, त्यामुळे ते तिला पटलं नाही.

आठवडाभराने तिने विचारलं, "अहो, तुमचं काही अनुष्ठान चालू आहे का?"

तिने विचारलं नसतं तर मला हे सुचलं नसतं. मी म्हणालो, "हो. चाळीस दिवसांचं."

भिक्षुकाच्या घरात एवढं उत्तर पुरतं. पुढे तिने एक शब्द विचारला नाही. दुसऱ्या दिवसापासून माझं ताट वेगळं वाढलं जायला लागलं, आणि कांदा-लसूण घरातून गायब झाला. कांदा हे आमच्या तालुक्याचं पीक. दारात यजमानांनी दिलेली अर्धी गोणी होती, ती तिने शेजारी देऊन टाकली. चाळीस दिवसांत आपण बरे होऊ, म्हणजे खोटं आपोआप मिटेल, असा माझा हिशोब होता.

एकेचाळिसाव्या दिवशी दुपारी एका यजमानाकडून घरी आलो तर ओट्यावर पुरणाचा वास. दारात रांगोळी. ओळखीचं एक नवरा-बायकोचं जोडपं जेवायला बसलेलं, त्यांच्यासाठी पाट, समया, दक्षिणेची पाकिटं. तिने उद्यापन मांडलं होतं. मी कपडे बदलून निमूटपणे त्यांच्या पंगतीला बसलो आणि अनुष्ठान निर्विघ्न पार पडल्याबद्दल त्या जोडप्याचा नमस्कारही घेतला. मांडीखाली ती सुपारी होतीच.

ते दोघं गेल्यावर ती आत गेली, माझी गादी-उशी बाहेरच्या खोलीतून उचलून आत ठेवली, आणि माझ्याकडे बघून हसली. अठरा वर्षांच्या संसारात ती अशी फार वेळा हसलेली नाही. मग मला राहवलं नाही. कॉटच्या कडेवर, एका कुल्ल्यावर भार देऊन बसलो आणि सगळं सांगून टाकलं.

तिचं हसू गेलं, पण मला वाटलं होतं त्या कारणाने नाही. "दुखतंय तर दुखतंय म्हणायचं," ती म्हणाली. "देवाच्या नावावर खोटं बोललात? मी चाळीस दिवस कांद्याला हात लावला नाही हो! पोरं बिनकांद्याची भाजी खाऊन कंटाळली." मग म्हणाली, "मला वाटलं, मी आवडेनाशी झाले." एवढं बोलून ती ताटं घासायला गेली. मला रडू आलं. दोन दिवसांनी तिनेच नगरच्या मूत्ररोगाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. पाट्यांवर आता अहिल्यानगर झालं आहे, पण दवाखान्याला जाताना आम्ही नगरलाच जातो.

डॉक्टर कमी बोलणारे होते. त्यांनी विचारलं, दिवसात किती तास बसता, कसे बसता, गाडी किती चालवता, पाणी किती पिता. शेवटच्या प्रश्नाला मी अभिमानाने उत्तर दिलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. मग तपासणी. ती कशी असते ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे, आणि ज्याला नाही त्याला सांगतो, की गुदद्वारातून बोट घालून प्रोस्टेटची ग्रंथी चाचपतात. अर्धं मिनिट लागतं आणि त्याच्या भीतीने माणसं पाच-पाच वर्षं दुखणं काढतात. मीही तिथे कुशीवर वळून झोपलो तेव्हा नकळत स्तोत्र म्हणायला लागलो होतो. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, म्हणत राहा, पण अंग सैल सोडा." ते मला जमेना. त्यांनी त्या ग्रंथीच्या आधी बाजूचा स्नायू दाबला तेव्हाच मी ओरडलो.

लघवीची तपासणी झाली, जंतू वाढतात का ते बघून झालं, सोनोग्राफी झाली, रक्ताची एक चाचणी झाली. ते रिपोर्ट येईपर्यंतचे चार दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. प्रोस्टेट म्हटलं की आमच्याकडे दोनच गोष्टी माहीत असतात, म्हाताऱ्यांचं ऑपरेशन नाहीतर कॅन्सर. पैकी मी म्हातारा नव्हतो, म्हणून दुसरी गोष्ट पक्की धरून मी मनातल्या मनात पोथ्या कुणाला द्यायच्या तेही ठरवलं होतं.

डॉक्टरांनी रिपोर्ट चाळले आणि कागदावर चित्र काढून समजावलं. मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी, तिच्यातून लघवीची नळी जाते. तिला सूज आहे, आणि ही सूज जुनाट आहे. कॅन्सर नाही. जंतूही आता सापडत नाहीत. सुरुवातीला असतीलही, पण तुम्ही अर्धवट गोळ्या खाऊन तो शोध आमच्यासाठी अवघड करून ठेवला. पुष्कळ जणांत जंतू कधी सापडतच नाहीत. त्या भागातले स्नायू कायम आवळलेले असतात, नसा चिडलेल्या असतात, आणि मेंदूला दुखण्याची सवय लागते.

"मग हे पूर्ण कधी बरं होईल?" बायकोने विचारलं.

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "कमी होईल. मध्येच उसळेल, पुन्हा कमी होईल. हे यांच्या जिवावर उठणारं नाही, पण हे पाठ लवकर सोडत नाही. सांभाळायला शिकायचं."

मला राग आला. दोन तास बसमध्ये धक्के खात तिथवर गेलो, इतकी शोभा करून घेतली, आणि उत्तर काय, तर सांभाळायला शिका. परतीच्या बसमध्ये मी तिला म्हणालोही, की असलं तर मी पत्रिका बघूनही सांगितलं असतं.

तरी गोळ्या घेतल्या. काही आठवड्यांचा एक कोर्स, आणि झोपताना घ्यायची एक गोळी, जिने मूत्राशयाचं तोंड सैल पडतं. त्या गोळीमुळे सकाळी झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, म्हणून आधी कॉटवर बसून मग उठायचं, हे शिकलो. डॉक्टरांनी रोज कोमट पाण्यात कंबरेपर्यंत बसायला सांगितलं आणि त्याला कटिस्नान म्हणाले. संस्कृत शब्द ऐकून मला जरा बरं वाटलं. प्रत्यक्षात ते स्नान बाजारातून आणलेल्या निळ्या प्लॅस्टिकच्या टबात, गुडघे बाहेर काढून, बाथरूमचं दार पूर्ण लागत नाही अशा अवस्थेत करायचं असतं. तिखट कमी केलं, चहा दोनवर आणला, पोट साफ राहील हे बघितलं. मोटारसायकलवरून लांबची गावं बंद केली, तिकडे बसने किंवा यजमानाच्या गाडीने जायला लागलो. दोन महिन्यांनी मी निम्मा बरा होतो.

आणि मग मी माझी अक्कल चालवली. मोबाईलवर एका व्हिडिओत पाहिलं की या भागाचे स्नायू बळकट करण्यासाठी ते आवळून धरायचे आणि सोडायचे. मी म्हटलं, अरे, हा तर मूलबंध! हे तर आपलंच. परकी माणसं आपल्याकडून शिकून आपल्यालाच शिकवतात, वगैरे जे काही अशा वेळी मनात येतं ते सगळं आलं. सकाळच्या संध्येला जोडून मी मूलबंध सुरू केला. व्हिडिओत दहा सांगितले होते, मी एकशे आठ केले. पंधरा दिवसांत अशी अवस्था झाली की पलंगावरून उठताना भिंत धरावी लागायची, आणि लघवीला उभं राहिलं की धार सुरू व्हायलाच दोन मिनिटं लागायची.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले. त्यांनी मला त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर फिजिओथेरपीला पाठवलं. तिथे सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक मुलगी होती. नगरमधलीच, भिंतीवर चर्चचं कॅलेंडर. तिने मला काका म्हटलं. मी चव्वेचाळीसचा आणि शेंडीमुळे अठ्ठावन्नचा दिसतो, हे मान्य करून मी आडवा झालो.

तिने पोटावर हात ठेवून श्वास घ्यायला सांगितला. घेतला.

"काका, पोट हललंच नाही."

पुन्हा घेतला. पोट हललं नाही, छाती वर गेली. ती म्हणाली, "तुम्ही पोट धरून ठेवलंय. खालूनही धरून ठेवलंय. आत्ता तर कुठे जायचं नाहीये ना?"

"सवय आहे," मी म्हणालो.

"किती वर्षांची?"

मी सांगितलं. तिने डोळे मोठे केले नाहीत की काही नाही, नुसतं म्हणाली, "मग सोडायला पण वेळ लागेल. मूठ सारखी आवळलेली असली तर तिला अजून आवळायचा व्यायाम नाही द्यायचा. आधी उघडायला शिकवायचं."

मग ती मला श्वास शिकवायला लागली. आत घेताना पोट फुगू द्यायचं, आणि खालची जागा, जिथे दुखतं ती, खाली सैल पडू द्यायची. बाहेर सोडताना काहीही ओढायचं नाही. आता इथे मला कबूल करायला हवं, की प्रत्येक पूजेच्या सुरुवातीला मी यजमानाला प्राणायाम करायला सांगतो. नाक चिमटीत धरायचं, मी एक ओळ भराभर म्हणतो, झालं. हजारो वेळा केला असेल. त्या हजारांत एकदाही माझ्या पोटात वारा गेलेला नव्हता. ही मुलगी, जिला आमच्या संध्येतला एक शब्द माहीत नसेल, ती मला माझं नित्यकर्म शिकवत होती. पहिले दोन आठवडे ते खुपलं. तिसऱ्या आठवड्यात एकदा श्वास सोडताना खालचं सगळं एकाएकी सैल पडलं, आणि मला कळलं की गेली कित्येक वर्षं तिथे काहीतरी कायम ओढलेलं होतं. मी तिला म्हणालो, "ताई, पडलं." ती म्हणाली, "हां, आता तेच रोज."

तिनेच शेवटी एक अट घातली. गुडघे खाली राहतील अशी उंच, मध्ये खोलगट गादी आसनाखाली, हे सगळं ठीक. पण दर पाऊण तासाने उठायचं. पाणी प्यायचं. लागली की जायचं.

मी म्हणालो, "ते जमणार नाही."

"का?"

का ते तिला सांगता येईना. ती अडचण शास्त्राची नव्हती, पोटापाण्याची होती. आमच्या पंचक्रोशीत गुरुजींची कमी नाही. श्रीरामपूरकडून, राहुरीकडून तरुण मुलं येतात, कारने येतात, माईक घेऊन येतात. माझ्याकडे लोक येतात ते एका गोष्टीसाठी, असं मी धरून चाललो होतो: हा माणूस बसला की पूजा पुरी करूनच उठतो. ते गेलं तर माझ्याजवळ काय उरलं? आणि उठलो नाही तर ही सूज मला एक दिवस कायमचं उठवणार, हेही आता दिसत होतं. मी बायकोला म्हणालो, की जवळच्या साखर कारखान्यात ओळखीने एखादी हजेरी लिहायची नोकरी मिळते का बघू. ती म्हणाली, "तिथेही बसावंच लागेल."

पहिली कसोटी आली ती प्रवरेच्या काठच्या एका वस्तीवर, वास्तुशांतीला. शेतकरी कुटुंब, दोन्ही मुलं नोकरीला, उसाच्या कडेला नवं घर बांधलेलं. यजमान पासष्टीचे, वडिलांच्या काळापासूनचे. वास्तुशांत म्हणजे चार-साडेचार तास हलायला नको. मी आठ दिवस एक वाक्य पाठ करत होतो: तब्येतीच्या कारणाने मला मध्ये एकदा उठावं लागेल, क्षमा असावी. सकाळी घरून निघताना बायकोने समोर उभं राहून मला दोन पेले पाणी प्यायला लावलं.

ते वाक्य मी बोललोच नाही. पुण्याहवाचन झालं, मातृकापूजन झालं, नांदीश्राद्धही झालं. यजमान आणि त्यांची पत्नी पाटावर ताठ बसले होते, मागे पाहुणे-रावळे, कोपऱ्यात मोबाईलवर शूटिंग चालू. मला कळ आली. जुन्या सवयीने पोट आत गेलं, खालून आवळलं गेलं, आणि आवाज वर चढला. तो चढलेला आवाज माझा मलाच ऐकू आला. मी पळी खाली ठेवली, "आलोच," एवढंच म्हणालो आणि उठलो.

घरामागे संडास होता. जाताना पाठीवर सगळ्यांच्या नजरा आहेत असं वाटत होतं. हातपाय धुतले, चूळ भरली, दोन मिनिटं तिथेच उभा राहिलो. मग आत आलो तर यजमानाचा पाट रिकामा. त्यांच्या पत्नी एकट्याच बसलेल्या. म्हटलं, झालं, म्हातारा रागावून उठला.

"बसा गुरुजी," त्या म्हणाल्या. "येत्यात ते. ते बी तिकडंच गेल्यात."

मी आसनावर बसलो.

"तुमी उठलात म्हनून गेले," त्या हळू आवाजात सांगायला लागल्या. "न्हाईतर काय बिशाद. लगवीच्या गाठीचं आपरेशन झाल्यापासनं त्यांना धरवत न्हाई. काल दुपारपासनं पान्याचा थेंब न्हाई घेतला. म्या म्हनलं, अवो, गुरुजींना इचारा, मधी जाऊ देतील. तर म्हनले, ते एवढे बसत्यात, आपुन कसं उठायचं?"

मी पळी पुसत राहिलो. त्यांना वाटलं असावं की मला पटलं नाही, म्हणून त्या आणखी जवळ सरकल्या.

"थोरलीच्या लग्नात तर कन्यादानाला पाटावरच झालं त्यांना. सोवळ्यातच. पाक रडकुंडीला आल्ते. मग म्या हातातला तांब्या त्यांच्या मांडीवर सोडून दिला. समद्यांना वाटलं, पानी सांडलं." आणि त्या हसल्या. इतक्या वर्षांनी सांगायला मिळालं म्हणून हसल्या.

तो तांब्या मला आठवला. मंडप, वाजंत्री थांबलेली, आणि मी भर मांडवात या बाईंना म्हणालो होतो, "मावशी, लक्ष कुठे आहे तुमचं? देवाचं पाणी पायाखाली गेलं!" त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या होत्या, आणि आजूबाजूचे लोक हसले होते. माझा आवाज लांबवर जातो.

मला लाज वाटली. डॉक्टरांच्या टेबलावर वाटली नव्हती, बायकोपुढे वाटली नव्हती, तेवढी वाटली. मी माझं धरून बसलो होतो ते बसलो होतोच. पण प्रत्येक पाटावर, माझ्यासमोर, हात जोडून दुसरं कुणीतरी धरून बसलेलं होतं, आणि त्यातल्या कितीजणांना मी असा बोललो असेन ते मला सांगता येणार नाही. मी त्या बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अगं बाई, तुमाला काय ठावं?"

तेवढ्यात यजमान आले. पाय ओले, धोतराच्या सोग्याने हात पुसत. पाटावर बसताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, चूक पकडली गेल्यासारखे बसले. ओठ कोरडे पडून पांढरे झाले होते. मी पिण्याच्या पाण्याचा तांब्या मागवला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"आधी पाणी प्या."

ते दचकले. एकदा देवाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "पूजेत चालतं?"

"चालतं."

"कवापासनं?"

"पहिल्यापासून चालत होतं," मी म्हणालो.

त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी उचलला, वर धरून धार तोंडात सोडली आणि मध्ये श्वासही न घेता पीत राहिले. पाणी गळ्यावरून छातीवर ओघळत होतं. मागचे पाहुणे ताटकळले होते, शूटिंग चालू होतं, मुहूर्त पुढे सरकत होता. तांब्या रिकामा होईपर्यंत मी पुढचा मंत्र म्हटला नाही.